बॉल पायथनची वाढ थांबली का? सात वर्षांची वही घेऊन विचारतोय (सांगली)

हळदगल्ली

नमस्कार मंडळी. काल रात्री चिंगीचं वजन केलं, वहीत आकडा लिहिला, मागची पानं चाळली आणि मग झोपच लागेना, म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

चिंगी म्हणजे माझी बॉल पायथन (आफ्रिकेतल्या छोट्या, बिनविषारी अजगराची जात), मादी. २०१८ च्या डिसेंबरात पुण्यातला मित्र कायमचा परदेशी निघाला तेव्हा त्यानं ती माझ्याकडे सोपवली. पाच-सहा महिन्यांची होती, अंगठ्याएवढी जाड, वेटोळं करून बसली की अख्खी तळहातावर मावायची. कागदपत्रांचं आधीच सांगून टाकतो म्हणजे खाली तेच तेच नको, २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायची मुभा दिली तेव्हा अर्ज केलेला आणि २०२४ चे नियम आल्यावर सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणी केलीये.

तर वजनं. घरी आली तेव्हा ९२ ग्रॅम. डिसेंबर २०१९ ला ४५५. पुढच्या डिसेंबरला ८३०, मग ११३०, मग १३४५, मग १४७०, गेल्या डिसेंबरात १५२०. आणि काल १५२६. सात महिन्यांत सहा ग्रॅम! एवढा फरक तर ती पोटभर पाणी प्यायली तरी पडतो. लांबी आली तेव्हा १७ इंच होती, दीड वर्षापूर्वी दोऱ्यानं मोजली ती ४ फूट १ इंच, परवा मोजली तरी तेवढीच.

खाणं म्हणाल तर लहान होती तेव्हा आठवड्याला एक उंदराचं पिल्लू, आता दर तीन आठवड्यांनी साधारण ८० ग्रॅमचा एक उंदीर, गोठवलेला, कोमट पाण्यात सोडवून. जिवंत कधीच देत नाही, उंदीर उलटून चावला तर सापाचं काय होतं ते एकदा दुसऱ्याकडे बघितलंय, पाठीवर रुपयाएवढी जखम होती. आईची एकच अट होती, उंदरांचा फ्रीझर वेगळा पाहिजे, तो घेतला.

आता प्रत्येकजण काहीतरी सांगतोय. आईचं म्हणणं, पोटाला नीट घालत नाहीस, तीन आठवडे कोण उपाशी ठेवतं होय. एक मित्र म्हणतो टब मोठा कर, साप जागेएवढाच वाढतो. आणि एका दुकानदारानं फोनवर सांगितलं की दर पाच दिवसांनी मोठा उंदीर द्या, वर्षात दोन किलो होईल. गंमत म्हणजे सुरुवातीला ज्यानं मित्राला ही विकली त्यानं सांगितलेलं, हा साप दोन फुटांच्या वर जातच नाही. कुणावर विश्वास ठेवायचा?

एक सांगायचं राहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत गुडघाभर होतं, लाईट गेलेली, हीटमॅट (टबाला ऊब देणारी विजेची चटई) बंद. चिंगीला उशीच्या खोळीत घातलं, खोळीला गाठ मारली, ती भोकं पाडलेल्या डब्यात ठेवली आणि डबा डोक्यावर घेऊन निघालो. विट्याला मावशीकडे बारा दिवस होतो. त्यानंतर तिनं जवळजवळ दोन महिने तोंडाला काही लावलं नाही. वहीत ते पान आहे, ओळीनं सगळ्या नोंदी "नाही खाल्लं". पण वजन किती घटलं? पंधरा ग्रॅम. आणि खायला लागल्यावर तीन महिन्यांत सगळी तूट भरून काढली. म्हणून मला वाटायचं की हिच्या अंगात वाढायची ओढ आहे, अडवलं तरी वाढणारच. आता काहीच अडवत नाहीये तरी वाढत नाही, म्हणून काळजी.

जाणकारांनी सांगा. आजारी तर नाही ना?

---

वारणाकाठचा सर्पमित्र

भावा, लई भारी नोंदी ठेवल्यात. आमी पंधरा वर्सं साप धरतोय पन असली वही कुनाकडं बगितली न्हाय. खाती हाय, कात टाकती हाय ना येळेवर? मग काय झालेलं नसनार.

मला त्या विदेशी सापाचं लई कळत न्हाय, पन या धाग्यावर येक सांगूनच ठेवतो, कारन पोरं वाचत असत्यात. आता पावसाळा हाय, नागपंचमी तोंडावर हाय, बांधावर, गोठ्यात, घरात पिल्लं निघायला लागत्यात. आपल्याकडचा कुठलाबी साप घरात ठिवायचा न्हाय. अजगर असू दे, धामण असू दे, नाग तर लांबच. कायद्यानं गुन्हा हाय आनि सापाचंबी वाटोळं हुतंय. आमच्या शिराळ्याकडं पयलं जित्या नागांच्या मिरवणुका निघायच्या, कोर्टाच्या आदेशानं ते थांबलं, पन पिल्लू दिसलं की बरणीत घालायची खोड अजून गेली न्हाय.

दोन वर्सामागं येका वस्तीवरनं फोन आला, ड्रममदी साप हाय म्हनून. गेलो तर अजगर! ऊसतोडीत दीड फुटाचं पिल्लू घावलं म्हनून पोरानं हौसंनं पाण्याच्या निळ्या ड्रमात ठिवलेलं, कोंबडीची पिल्लं खायला घालून. बापाला म्हायतीच न्हाय. दोन वर्सात ते सा फुटाच्या घरात गेल्तं, ड्रमात सरळ व्हायला जागा न्हाय, वर चढायचं नि नाकाड घासायचं, मुस्काट सोलून लालभडक झाल्तं. पोरगं रडत हुतं, म्हनलं मला वाटलं ते एवढंच ऱ्हाईल. त्याला वाईट करायचं नव्हतं वो, त्याला वाढ म्हंजे काय ते म्हायतीच नव्हतं. वन विभागाच्या ताब्यात दिलं.

घरात निघाला तर १९२६ ला फोन लावा, वन खात्याची हेल्पलाईन हाय.

---

कास_पठार_मास्तर

मी साताऱ्यात कॉलेजला प्राणीशास्त्र शिकवतो. हळदगल्ली, तुमची वही वाचून फार आनंद झाला. तुमच्या आकड्यांकडे नीट बघा, उत्तर तिथंच आहे. पहिल्या वर्षी वजन जवळपास पाचपट. दुसऱ्या वर्षी दुपटीच्या आत. तिसऱ्या वर्षी ३०० ग्रॅम, मग २१५, मग १२५, मग ५०. अगदी पाठ्यपुस्तकातला आलेख आहे हा, अचानक कुठं तुटलेला नाही, हळूहळू सपाट होत गेलाय. आजारी सापाचं वजन असं घरंगळत सपाट होत नाही, ते खाली येतं.

सापांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. आपली हाडं विशी-बाविशीत वाढायची थांबतात. सापाची वाढ तशी कायमची बंद होत नाही, आयुष्यभर थोडी थोडी चालू राहते. पण वयात येईपर्यंत जो वेग असतो तो नंतर राहत नाही. बॉल पायथनची मादी साधारण तीन वर्षांची, दीड किलोच्या आसपास झाली की वयात आली असं धरतात, आणि तिथून पुढं खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा लांबीकडे न जाता अंडी बनवायच्या तयारीकडे आणि चरबी साठवण्याकडे जातो. पूर्ण वाढलेली मादी साडेतीन ते पाच फूट, नर त्याहून लहान, दोन ते साडेतीन फूट. म्हणजे तुमची चिंगी अगदी मधोमध आहे. दोन फुटांच्या वर जात नाही असं सांगून विकणारा चुकीचं बोलला, आणि वर्षात दोन किलो करा म्हणणाराही तितकाच चुकीचं बोलतोय.

अजून एक, मला स्वतःला फार आवडणारी गोष्ट. साप लांब होतो म्हणजे त्याला नवे मणके फुटत नाहीत. अंड्यातून बाहेर येतो तेव्हाच मणक्यांची संख्या ठरलेली असते, दोनशेच्या वर, काही जातींत चारशेपर्यंत. पुढं फक्त एकेक मणका मोठा होतो. पोटावरच्या आडव्या पट्ट्यांसारख्या खवल्यांचंही तेच, धडातल्या एका मणक्याला एक पट्टी. जन्माला जितक्या तितक्याच मरेपर्यंत. तुमच्याकडे जुनी कात जपून ठेवलेली असेल तर मोजून बघा.

कातेवरून आठवलं, कात मोजून सापाची लांबी सांगू नका. निघताना ती ताणली जाते, खवल्यांच्या मधली घडी उलगडते, त्यामुळे कात नेहमी सापापेक्षा बरीच लांब भरते. गावाकडं "बारा फुटी नागाची कात" सापडते ती बहुतेक वेळा अशीच.

---

सध्या_सातारारोड

सर, पण टाकीएवढाच साप वाढतो हे मीपण बऱ्याच ठिकाणी ऐकलंय, मासे पण तसेच म्हणतात. मग ते खोटं का?

---

कास_पठार_मास्तर

खोटंच. सापाला टाकीची भिंत मोजता येत नाही. मग हा समज आला कुठून? छोट्या डब्यात साप ठेवणारा माणूस सहसा ऊबही नीट देत नाही, लपायला जागा देत नाही, साप भेदरलेला राहतो, खात नाही, खाल्लेलं पचत नाही. मग तो खुरटतो. लोकांना वाटतं जागेप्रमाणे जुळवून घेतलं. ते जुळवून घेणं नाही, उपासमार आहे. वरच्या दादांनी सांगितलेला ड्रममधला अजगर बघा की, जागा नव्हती पण खायला होतं, आणि ऊस-गोठ्याकडची ऊब होती, वाढलाच ना सहा फूट.

वाढ ठरवतं ते अन्न आणि ऊब. सापाच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नाही, बाहेरून ऊब मिळाली तरच पोटातलं पचतं. म्हणून रानातला साप थंडीत खाणं सोडतो आणि वाढही थांबते, आणि पाळलेल्याला बारा महिने ऊब आणि ताटात उंदीर, तो रानातल्या भावंडापेक्षा झपाट्यानं वाढतो. झपाट्यानं म्हणजे चांगलं असं मात्र नाही, पण ते डॉक्टर लोक जास्त चांगलं सांगतील.

जाता जाता एक. अजगराच्या आतल्या अवयवांची वाढ तर आणखी थक्क करणारी आहे. ब्रह्मदेशी अजगरावरचा अभ्यास २००५ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आला होता, मोठं भक्ष्य गिळल्यावर ४८ तासांत त्याच्या हृदयाचा खालचा कप्पा ४० टक्क्यांनी जड होतो, आणि पचन झालं की परत पहिल्यासारखा. आतडंही तसंच फुगतं आणि ओसरतं. चिंगीसुद्धा दर तीन आठवड्यांनी आतून थोडीफार अशी वाढत-ओसरत असणार, ते तुमच्या काट्यावर दिसत नाही इतकंच.

---

मिरज_पशुवैद्य

धागा आवडला. मी मिरजेत प्रॅक्टिस करते, गायी-म्हशी आणि कुत्रीच जास्त, पण साप-कासवंही येतात.

हळदगल्ली, तो पाच दिवसांनी मोठा उंदीर वाला सल्ला कृपा करून ऐकू नका. दीड किलोच्या मादीला दर तीन आठवड्यांना ८० ग्रॅम म्हणजे वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, हे बरोबर आहे. लहान पिल्लाला दहा-पंधरा टक्के आठवड्याला चालतं कारण ते सगळं हाडामासात जातं. मोठ्या सापाला तसंच चारत राहिलं तर लांबी वाढत नाही, आत चरबीचे गोळे साठतात. सापाच्या पोटात दोन्ही बाजूंनी चरबीच्या लांबट गाद्या असतात, ती त्याची बँक, दुष्काळात उपयोगी पडणारी. ती भरली की चरबी लिव्हरमध्ये जाते. माझ्याकडे एक मेलेला साप आणला होता, मालक सांगत होते की अगदी धष्टपुष्ट होता हो, काही आजार नव्हता. उघडला तर आत चरबीशिवाय दुसरं दिसेना आणि लिव्हर हळदीसारखं पिवळं. वय होतं अवघं सहा. हा साप नीट राहिला तर पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो. त्या मालकांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही, प्रेमानंच भरवलं होतं त्यांनी.

तर काट्यापेक्षा अंगाकडे बघायला शिका. साप हातात घेतला की पाठीचा कणा बोटाला जाणवला पाहिजे पण टोचता कामा नये. आडवा छेद घेतला असं मनात आणा, कडा गोल केलेला त्रिकोण दिसला पाहिजे. कौलारू घराच्या आढ्यासारखी पाठ वर आली, दोन्ही बाजू खोल गेल्या, तर वाळलाय. पाइपासारखा गोल झाला, वेटोळं घातलं नसतानाही खवल्यांच्या मधली कातडी दिसायला लागली, शेपटीच्या बुडाशी वळ्या पडल्या, तर जाड झालाय. चिंगीचे फोटो टाका, वरून एक आणि बाजूनं एक.

आणि वजन नेहमी जेवणाच्या आधी आणि शी झाल्यानंतर करा. ही जात आठवडेच्या आठवडे शी धरून ठेवते, त्यातच चाळीस-पन्नास ग्रॅमचा फरक पडू शकतो. तुमचे ते "सहा ग्रॅम" बहुतेक त्यातलेच, त्यावर रात्र जागवायचं कारण नाही.

मादी आहे म्हणून आणखी एक लक्षात ठेवा, नर नसला तरी तिच्यात अंड्यांची तयारी होऊ शकते, तेव्हा वजन आणि घेर एकदम वाढतो, खाणं सोडते, थंड बाजूला जाऊन पडते. घाबरू नका. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या एका बॉल पायथननं २०२० च्या जुलैमध्ये साठी ओलांडलेल्या वयात सात अंडी घातली, कित्येक वर्षं नराजवळ गेलेली नसताना.

---

कराडचा_ह्यूस्टनमध्ये

साठी ओलांडलेली! वाचून अंगावर काटा आला.

माझ्याकडे कॉर्न स्नेक (अमेरिकेतला एक बिनविषारी साप) आहे, नर, २०१२ ला अंड्यातून बाहेर आल्यावर दोन महिन्यांनी घेतला, तेव्हा बुटाच्या नाडीएवढा होता, दहा-अकरा इंच, किचनच्या काट्यावर ठेवला तर काटा हलतोय की नाही कळायचं नाही. तिसऱ्या वाढदिवसाला साडेतीन फूट. आता तेराचा झालाय आणि चार फुटांच्या जरासा पुढं. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत अडीच फुटांहून जरा जास्त आणि पुढच्या दहा वर्षांत अर्धा फूट, तोही मला न कळता. तुमच्यासारखी वही ठेवली नाही याची आता चुटपुट लागलीये.

लांबीपेक्षा रंग जास्त बदलला. लहानपणी मातकट-राखाडी होता, केशरी रंग नंतर एकेका कातेबरोबर चढत गेला. बायको म्हणायची, दर खेपेला नवीन धुतल्यासारखा निघतो.

पण इथं एक वेगळी गोष्ट बघितली ती सांगतो. ओळखीच्या एकानं ब्रह्मदेशी अजगराचं पिल्लू घेतलेलं, दोन फुटांचं, दिसायला इतकं देखणं की काय सांगू. दोन वर्षांत नऊ फूट! पिंजरा साफ करायला दोन माणसं लागायची, उंदरावरून सशावर आला, घरभाडं वाढलं असतं तर परवडलं असतं पण याचं खाणं नाही. शेवटी सांभाळणाऱ्या एका केंद्राला दिला. सगळे असं करत नाहीत, फ्लोरिडात लोकांनी सोडून दिलेल्या आणि निसटलेल्या अजगरांची आता तिथल्या दलदलीत वस्ती झालीये, तिथले ससे-रॅकून पार कमी झालेत. २०२२ मध्ये तिथं एक मादी पकडल्याची बातमी होती, १८ फूट, ९८ किलो. ती किंवा तिची आजी-पणजी कधीतरी कुणाच्या तरी घरातल्या काचेच्या पेटीत दोन फुटांची असणार.

---

आई_विश्रामबाग

मी सापाला जाम घाबरते पण हा धागा शेवटपर्यंत वाचला. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, वर्षभर मागे लागलाय साप पाळूया म्हणून. सगळं वाचून त्याला पाठ झालंय, जाती, रंग, काय काय. हळदगल्ली, तुम्ही मनापासून सांगा, घेऊ द्यावा का?

---

हळदगल्ली

ताई, मनापासून सांगायचं तर आत्ता नको. साप वाईट म्हणून नव्हे. हिशोब करा, मुलगा तेराचा, साप तीस वर्षं जगला तर मुलगा त्रेचाळीसचा होईल. दहावी, बारावी, होस्टेल, नोकरी, लग्न, या सगळ्यात तो साप कुणाकडे असणार? तुमच्याकडे. माझ्या मित्राला परदेशी जाताना चिंगी सोडावी लागली, रडत होता स्टँडवर. आणि आता बॉल पायथनसारख्या जाती १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आल्यात, घेतला की नोंदणी, कुणाला दिला तर नोंद, मेला तरी कळवायचं. कागद नसलेला साप कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

सांगलीची हवा पण सोपी नाही. जानेवारीत रात्री हीटमॅट लावून गरम बाजू ३२ डिग्रीवर ठेवायची, तीही थर्मोस्टॅट लावूनच, नाहीतर पोट भाजतं आणि सापाला ते कळतच नाही, तो तसाच पडून राहतो. आणि एप्रिलमध्ये उलटं, खोलीतच ३८ होतं, तेव्हा मी टबाखाली ओलं गोणपाट आणि शेजारी पाण्यानं भरलेले माठ ठेवतो, दुपारी ऑफिसातून घरी चक्कर मारतो. तुमच्या मुलाला रविवारी माझ्याकडे पाठवा. उंदीर सोडवण्यापासून शी काढण्यापर्यंत सगळं करू दे. वर्षभर येत राहिला तर मग आपण बोलू.

---

वारणाकाठचा सर्पमित्र

लई योग्य सांगितलंस भावा. वजनाचा इषय निगालाय तर मांडुळाचंबी बोलतो. सातारा-सांगली पट्ट्यात हे लई चालतंय. दुतोंड्या म्हनत्यात, गुप्तधन दावतंय म्हनत्यात, आनि वजनावर भाव. येवढ्या किलोचं मांडूळ घावलं तर कोटी मिळत्यात म्हनून तरनी पोरं रानं उकरत्यात. आरं, मांडूळ पुरं वाढलं तरी अडीच-तीन फूट, मातीत ऱ्हानारा गरीब जीव, ते किलोकिलोचं हुनार कसं? मग वजन वाढवायला त्येच्या तोंडात बळंच कायबाय कोंबत्यात. आमी सोडवलेल्यातलं येक तर दोन दिसात मेलं, पोटात वाळू निगाली. कोट्यवधी कुनाला मिळालं न्हाईत, जेलात मातूर गेल्यात.

---

मिरज_पशुवैद्य

दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. दोन्हीकडे तोच घोटाळा आहे, साप जितका जड तितका भारी.

हळदगल्ली, फोटो कुठे आहेत?

---

हळदगल्ली

डॉक्टर, फोटो तुम्हाला व्यनिनं (खाजगी निरोपातून) पाठवले, ते बघून तुम्ही या म्हणालात म्हणून शनिवारी मिरजेला घेऊन आलो होतो, इथं इतरांसाठी लिहितो. हातात घेऊन बोटं फिरवली, तोंड उघडून बघितलं, एक एक्सरे काढला. कणा सरळ, पोट मोकळं, अंगावर मांस व्यवस्थित. डॉक्टरांनी सांगितलं काही बदलायचं नाही, तीन आठवडे तेच ठेवा, थंडीत नको म्हणाली तर आग्रह करू नका, वजन महिन्यातून एकदाच करा. मी आठवड्याला करत होतो. आईलाही सोबत नेलं होतं, डॉक्टरांनी तिला आढ्याचं आणि पाइपाचं समजावून सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा चिंगीच्या पाठीवरून हात फिरवला. सात वर्षांत पहिल्यांदा.

लांबीचं म्हणाल तर मास्तरांनी फोनवर सांगितलं तसं केलं, तिला ताणायचं नाही, चौकटीच्या फरशीवर आपली आपण पसरू द्यायची, वरून फोटो काढायचा आणि मग फोटोतल्या पाठीच्या रेघेवर दोरा लावून फरशीच्या मापानं हिशोब. तीनदा केलं, तिन्हीदा थोडं वेगळं आलं, सरासरी ४ फूट २ इंच. म्हणजे एक इंच वाढलीये किंवा आधीचं माप चुकलं होतं.

---

सध्या_सातारारोड

भारी. कात मोजली का?

---

हळदगल्ली

थांबा, तेच लिहायला आलोय.

मागच्या सोमवारी डोळे दुधाळ निळसर झाले, पोट गुलाबी पडलं. गुरुवारी डोळे परत स्वच्छ. आता दोन-तीन दिवसांत टाकणार हे ठरलेलं, म्हणून टबात ओलसर शेवाळ्याचा डबा ठेवला. काल रात्री साडेअकराला सुरुवात केली. मी टबात एक जुनं कौल ठेवलंय, त्याच्या खरबरीत कडेवर तिनं आधी वरचा ओठ घासला, मग खालचा, कातेची कड सुटली, ती कौलात अडकवली आणि मग नुसती पुढं सरकत राहिली, पायातला मोजा उलटा निघावा तशी कात मागं मागं उलटत गेली. पाऊण तास. एकसंध निघाली. डोळ्यांवरचे दोन्ही पापुद्रे आहेत का ते उजेडात धरून बघितलं, आहेत, भिंगासारखे दोन गोल.

लहान होती तेव्हा महिना-सव्वा महिन्याला एक कात, आता वर्षाला पाच किंवा सहा. सगळ्या नाही पण काही मी फाइलीत जपल्यात, त्यातली सगळ्यात जुनी मार्च २०१९ ची, पुराच्या आधीची. आज रविवार, विश्रामबागच्या ताई मुलाला सोडून गेल्या होत्या सकाळी. तो, मी आणि आई, तिघं जेवणाच्या टेबलावर दोन्ही काती पसरून बसलो. मुलानं जुनी घेतली, आईनं चष्मा लावून नवी. गळ्यापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत पोटावरच्या पट्ट्या, दर दहाला पेन्सिलीनं टिंब. जुन्या कातेत एक पट्टी तांदळाच्या कणीएवढी रुंद, पोराला डोळे बारीक करून मोजावं लागत होतं, दोनदा चुकला, पहिल्यापासून सुरू केलं. नव्या कातेत तीच पट्टी तुरीच्या डाळीएवढी.

त्याची मोजणी आधी संपली, पण मी सांगितलं आकडा बोलू नकोस, कागदावर लिही आणि उलटा ठेव. आईचं झाल्यावर तिनंही लिहिलं. मग दोन्ही कागद उलटले.

१९८. १९८.

वहीत आजच्या तारखेला वजनाच्या रकान्यात काही लिहिलं नाही, महिना व्हायचाय अजून. तिथं आईनंच तिच्या अक्षरात १९८ लिहून खाली रेघ मारलीये.